गेकोची अंडी घरी उबवताना: मॉसच्या पेटीपासून पिल्लाच्या पहिल्या घासापर्यंत

कोंबडी खुडूक बसते, अंडी पोटाखाली घेते आणि दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं फिरवते. गेको, म्हणजे पालीच्या कुळातला सरपटणारा प्राणी, यातलं काहीच करत नाही. ओलसर जागा शोधून ती खड्डा उकरते, दोन अंडी घालते, वर माती ओढते आणि निघून जाते. पुढचे दीड-दोन महिने त्या अंड्यांना सांभाळते ती जमिनीची ऊब आणि मातीतली ओल. घरी अंडी उबवायची म्हणजे आपल्याला त्या मातीची जागा घ्यायची आहे, कोंबडीची नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्म्या चुका टळतात. नवख्या माणसाच्या घरी अंडी वाया जातात ती जास्त करून काळजीपोटीच: सारखं झाकण उघडून बघणं, पाणी शिंपडणं, अंडं उचलणं, फिरवणं.

सगळी मेहनत अंडी येण्याच्या आधी करायची आणि ती डब्यात ठेवली की हात आवरायचा. मी इथे मुख्यतः लेपर्ड गेकोबद्दल लिहितोय, कारण घरी पहिल्यांदा अंडी मिळतात ती बहुतेकांना याच जातीची. बाकीच्या जातींचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन.

आधी मादीकडे बघा

मादी किमान वर्षभराची आणि ४५ ते ५० ग्रॅम वजनाची असल्याशिवाय तिला नरासोबत ठेवू नका. वजनापेक्षाही मी शेपटी बघतो. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवते, आणि अंडी तयार करताना तोच साठा खर्ची पडतो. शेपटी मानेइतकी जाड असेल तर मादी तयार आहे. हडकुळी असेल तर यंदा राहू द्या.

लेपर्ड गेको एका वेळी सहसा दोन अंडी घालते. मात्र मादी नराचं वीर्य शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे एकदा नर सोबत ठेवला तरी त्या हंगामात दर दोन ते चार आठवड्यांनी नवी जोडी येत राहू शकते. म्हणजे दोन नव्हे, दहा-बारा पिल्लंही होऊ शकतात, आणि प्रत्येकाला स्वतंत्र घर लागतं. तेवढी जागा, तेवढा वेळ आणि पुढे ती पिल्लं सांभाळणारी माणसं आहेत का, याचं उत्तर नर-मादी एकत्र आणण्याआधी द्यायला हवं. आपल्या भागात हा प्राणी पाळण्याचे आणि पिल्लं दुसऱ्याला देण्याचे नियम काय आहेत तेही आधीच बघून घ्या. अंडी नको असतील तर घातल्या दिवशीच, गर्भ फारसा वाढण्याआधी, ती फ्रीझरमध्ये ठेवावीत. दोन आठवडे वाढू देऊन मग विचार बदलणं मला पटत नाही.

जोडी निवडताना रंगाच्या मोहात पडू नका. ‘एनिग्मा’ नावाच्या रंगप्रकारात तोल जाणं, गोल गोल फिरणं, मान वाकडी होणं असे मेंदूशी संबंधित त्रास येतात. ‘लेमन फ्रॉस्ट’मध्ये गाठी होतात. दोन्ही दोष आनुवंशिक आहेत. दिसायला कितीही देखणे असोत, या प्राण्यांपासून पिल्लं घेऊ नयेत.

या काळात मादीच्या खाण्यात कॅल्शियम कमी पडता कामा नये. अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम खाण्यातून मिळालं नाही तर ते तिच्या हाडांतून जातं. प्रत्येक खाद्यकिड्यावर कॅल्शियमची पूड लावाच, शिवाय तिच्या घरात एका लहान झाकणात साधं, डी३ जीवनसत्त्व न मिसळलेलं कॅल्शियम ठेवून द्या; तिला हवं तेव्हा ती चाटते.

अंडी घालायची पेटी

पोटात अंडी असली की मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन फिकट लांबट गोळे दिसायला लागतात. ते दिसण्याची वाट न बघता पेटी आधीच ठेवून द्या. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, मादी आरामात वळू शकेल एवढा मोठा. बाजूला तिचं अंग सहज जाईल असं भोक पाडायचं आणि त्याची कड घासून गुळगुळीत करायची. आत ८ ते १० सेंटिमीटर ओलसर मॉस (शेवाळ), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज). जागा घराच्या उबदार बाजूला, पण थेट गरम पट्टीवर नको.

दिवस भरत आले की तिचं खाणं कमी होतं आणि रात्रभर उकरणं सुरू होतं. एका सकाळी बघावं तर पोट एकदम आत गेलेलं, बरगड्यांजवळची कातडी सैल पडलेली. अंडी आली. पेटी रोज सकाळी तपासण्याची सवय यासाठीच लावायची. कोरड्या जागेत घातलेलं अंडं काही तासांत आक्रसतं.

मादी दिवसेंदिवस उकरतेय, जोर लावतेय, पण अंडी येत नाहीत, ती मलूल झाली आहे किंवा डोळे खोल गेले आहेत, अशी लक्षणं दिसली तर अंडी अडकली आहेत असं समजा. घरगुती उपाय करत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. अंडी गेली तरी चालतील, मादी वाचली पाहिजे.

उबवणपेटी तीन दिवस रिकामी चालवा

तयार इन्क्युबेटर चालतो. थर्मोकोलची जाड पेटी, गरम करणारी पट्टी किंवा केबल आणि एक चांगला थर्मोस्टॅट (तापमान ठरवलेल्या आकड्यावर राखणारं उपकरण) यांतून घरी बनवलेलाही उत्तम चालतो. पैसे वाचवायचे असतील तर पेटीत वाचवा, थर्मोस्टॅटमध्ये नाही. तो ‘चालू’ अवस्थेत अडकला की काही तासांत सगळी अंडी शिजतात.

पेटीवर लिहून आलेल्या आकड्यावर विसंबू नका. संवेदक वायरच्या टोकाला असतो असा एक वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचं टोक अंडी जिथे असतील तिथेच, त्याच उंचीवर ठेवा. वर आणि खाली दोन-दोन अंशांचा फरक मी स्वतः बघितला आहे. पाण्यानं भरलेल्या दोन-तीन बाटल्या आत कडेला उभ्या केल्या की तापमान स्थिर राहतं, कारण पाणी हळू तापतं आणि हळूच निवतं. अशी तयार पेटी निदान तीन दिवस रिकामी चालवायची. सकाळ-दुपार-रात्र आकडे वहीत लिहायचे. तीन दिवस ते अर्ध्या-एक अंशाच्या आत राहिले, तरच तिच्यावर भरवसा ठेवायचा.

बहुतेक उबवणपेट्या फक्त तापवतात, गार करू शकत नाहीत. खोलीच ३५ अंशांवर जात असेल तर आतला थर्मोस्टॅट काहीही करू शकत नाही. म्हणून घरातली सर्वांत गार, ऊन न येणारी जागा निवडा, जमिनीलगत असेल तर उत्तम. जिथे तेही जमत नाही तिथे गरम आणि गार दोन्ही करणारं यंत्रच लागतं. नाहीतर नर-मादी अशा वेळी एकत्र आणावेत की अंडी उन्हाळ्यात येणार नाहीत.

डब्यातली ओल

अंडी थेट उबवणपेटीत ठेवायची नसतात. त्यांच्यासाठी लहान, घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्याला वरच्या बाजूला दोन ते चार टाचणीएवढी भोकं पाडा. आत ४-५ सेंटिमीटर व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (तसंच हलकं, पांढरं खनिज). कुंडीतली माती किंवा बागेतली वाळू नको, तिच्यातून बुरशी आणि किडे येतात.

पाणी अंदाजानं ओतू नका, काट्यावर मोजा. जेवढ्या वजनाचं कोरडं व्हर्मिक्युलाइट तेवढ्याच वजनाचं पाणी: १०० ग्रॅमला १०० ग्रॅम. नीट कालवून अर्धा तास ठेवा आणि मूठभर घेऊन दाबा. गोळा व्हायला हवा, पण बोटांतून थेंब गळता कामा नये. गळला तर आणखी थोडं कोरडं मिसळा.

माझ्या पहिल्या जोडीच्या वेळी मी हे मोजमाप केलं नव्हतं. ओल कमी पडेल या धास्तीनं रोज स्प्रे मारत होतो, तोही थेट अंड्यांवर. दुसऱ्या आठवड्यात एक अंडं पिवळं पडून बसलं, दुसऱ्यावर बुरशी चढली. गेकोच्या मऊ अंड्याचं कवच श्वास घेतं. त्यावर पाण्याचा थर बसला की आतल्या गर्भाला हवा मिळत नाही. ही चूक मला फार लागली, म्हणून इतकं सविस्तर सांगतोय.

त्यानंतर सापडलेली एक युक्ती. अंडी ठेवून झाकण लावल्यावर सगळा डबा वजन करून तो आकडा झाकणावर लिहून ठेवा. अंडी व्हर्मिक्युलाइटमधलं पाणी पितात आणि फुगतात, पण ते पाणी डब्यातच राहतं, त्यामुळे एकूण वजन बदलत नाही. वजन कमी झालंच तर तेवढं पाणी भोकांतून उडून गेलंय असा अर्थ. मग तेवढंच, कोमट, डब्याच्या कोपऱ्यात, अंड्यांपासून लांब घालायचं. महिनाभरात अनेकदा घालावंच लागत नाही.

अंडी उचलणं

अंडी मिळाली की घाई नको. हात स्वच्छ धुऊन कोरडे करा. मॉस बाजूला सारा आणि अंडं हलवण्याआधीच त्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलनं हलकी खूण करा. मार्कर नको, त्यातलं द्रावण कवचातून आत झिरपू शकतं. आता दोन बोटांत अंडं धरून, ती खूण वरच राहील असं, डब्यात अंगठ्यानं केलेल्या खळग्यात ठेवा. अर्धं आत, अर्धं बाहेर.

खूण कशासाठी? पक्ष्यांच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंच्या पीळदार दोऱ्यांनी तोललेला असतो, त्यामुळे ते फिरवलं तरी चालतं, किंबहुना फिरवावंच लागतं. गेकोच्या अंड्यात तसे दोरे नसतात. घातल्यावर साधारण एक दिवसात गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वर चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर बलकाचा भार गर्भावर येतो आणि तो दबून मरू शकतो. दोन अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर ओढून सुटी करू नका, तशीच ठेवा.

क्रेस्टेड गेकोची अंडीही मऊ कवचाचीच आणि याच पद्धतीनं उबवायची असतात, फक्त ऊब कमी लागते. डे गेको आणि टोके या गेकोच्या दुसऱ्या जातींचं मात्र निराळं आहे. त्यांच्या अंड्यांचं कवच कडक असतं. टोके तर ती काचेला किंवा लाकडाला पक्की चिकटवते. ती उचकटायला गेलात तर कवच फुटणारच. जागच्या जागी त्यावर भोकांचा लहान कप चिकटवा, म्हणजे पिल्लं निघाल्यावर मोठ्यांच्या तोंडी लागणार नाहीत. सुटी मिळालेली कडक अंडी ओल्या थरात न पुरता त्याच्या वर कोरड्या झाकणात ठेवतात. त्यांना हवेतली आर्द्रता पुरते.

तापमान, आणि त्यावर ठरणारं लिंग

लेपर्ड गेकोच्या पिल्लाचं लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही, उबवणीच्या तापमानावर ठरतं. २६-२७ अंश सेल्सियसला जवळजवळ सगळ्या माद्या होतात. ३० च्या आसपास दोन्ही मिळतात. ३२ ते ३२.५ ला बहुतेक नर. त्याहून वर, ३४ च्या पुढे गेलं की पुन्हा माद्या व्हायला लागतात, पण त्या तापमानाला अंडी दगावतात आणि व्यंगही येतं, म्हणून तिकडे जायचंच नाही.

दोन नर कधीही एकत्र राहू शकत नाहीत, म्हणून नवख्या माणसानं २७ ते २८ अंशांना उबवावं असं माझं मत आहे. वेळ जास्त लागतो, पण थर्मोस्टॅट एखाद-दुसरा अंश चुकला तरी धोका नसतो. २७ ला साधारण दोन महिने किंवा जास्त लागतात, ३२ ला ४०-४५ दिवस. क्रेस्टेड गेकोची अंडी २२ ते २५ अंशांना ठेवली तर अडीच-तीन महिने, कधी त्याहूनही जास्त घेतात.

वीज गेली तर घाबरू नका. पेटी उघडू नका, वर जाड पांघरूण टाका. काही तास तापमान २२-२३ पर्यंत उतरलं तरी गर्भाची वाढ फक्त मंदावते. खरी भीती चढत्या तापमानाची असते. त्यामुळे घाईघाईत उकळत्या पाण्याच्या बाटल्या आत ठेवू नयेत.

वाट बघण्याचे दिवस

आठवड्यातून एकदा झाकण उघडा, अर्धा मिनिट हवा खेळू द्या, अंड्यांकडे नजर टाका, तापमान वहीत लिहा, बंद करा. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमले असतील तर कोरड्या कागदानं टिपून घ्या, म्हणजे ते अंड्यांवर पडणार नाहीत.

अंडं फळलंय का हे सातव्या ते दहाव्या दिवशी कळतं. खोलीत अंधार करा. अंडं डब्यातून न उचलता त्याच्या कडेला लहान एलईडी टॉर्च टेकवा. फळलेलं असेल तर सबंध अंडं आतून गुलाबी उजळतं, आणि त्या उजेडात जास्वंदीच्या पाकळीवर असतात तशा लाल शिरा पसरलेल्या दिसतात, मध्ये एक गडद ठिपका. मी इतकी वर्षं हे बघतोय, तरी त्या क्षणी श्वास रोखला जातो. पाच-सात सेकंदांत टॉर्च बंद करा. फळलेलं नसेल तर आत सपाट पिवळा उजेड दिसतो. पुढे असं अंडं मऊ पडतं, बसतं, वास येतो.

शंका असेल तोवर अंडं टाकू नका. डागाळलेल्या, बेढब अंड्यांतूनही धडधाकट पिल्लं निघतात. थोडी बुरशी दिसली तर कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच झटका आणि डबा जरा कोरडा होऊ द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत अंड्याला खळगा पडला तर ओल कमी आहे: कोपऱ्यात थोडं पाणी घाला, एक-दोन दिवसांत ते पुन्हा टच्च होतं. सडलेलं मात्र लगेच काढा. ते चांगल्या अंड्याला चिकटलेलं असेल तर वेगळं करायला जाऊ नका, चांगलं अंडं फाटेल.

पिल्लू बाहेर येताना

शेवटच्या आठवड्यात अंडं टॉर्चखाली जवळजवळ पूर्ण काळं दिसतं. मग एक दिवस कवचावर घामासारखे बारीक थेंब येतात, टच्च असलेलं अंडं किंचित बसतं. या वेळचा खळगा वाळल्याचा नसतो, त्यामुळे पाणी घालू नका. पिल्लाच्या नाकाच्या टोकाला सुईसारखे दोन इवलेसे दात असतात, केवळ कवच फाडण्यापुरते. त्यांनी एक-दोन चिरा पडतात. चिरेतून नाक बाहेर येतं, आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. डोळे मिटलेले, घसा तेवढा हलतोय. तासन्‌तास असंच.

इथे मदत करण्याचा मोह होतो. करू नका. पिल्लू त्या वेळात उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढून घेत असतं आणि कवचाला चिकटलेल्या रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत असतात. ओढून काढलं तर त्या फाटून रक्तस्राव होतो. चोवीस तासही लागू शकतात. पूर्ण बाहेर येऊनही पोटाला बलकाची पिशवी लटकत असेल तर पिल्लाला ओल्या टिशू पेपरच्या स्वच्छ डब्यात, उबदार आणि अंधाऱ्या जागी ठेवा. पिशवीला हात लावू नका, ती आत जाते किंवा वाळून गळते. जोडीतलं दुसरं अंडं सहसा एक-दोन दिवसांत फुटतं.

पहिले काही आठवडे

लेपर्ड गेकोचं पिल्लू जेमतेम ३ ग्रॅमचं असतं, अंगावर पिवळे आणि गडद आडवे पट्टे. ठिपके मोठेपणी येतात. हात जवळ नेला की चार पायांवर ताठ उभं राहून ओरडतं. ते घाबरलेलं असतं. पहिले दोन-तीन आठवडे उगाच हातात घेऊ नका.

प्रत्येकाला वेगळा डबा द्या. एकत्र ठेवलेली भावंडं एकमेकांच्या शेपट्या तोडतात आणि दांडगं पिल्लू दुबळ्याचं खाणं पळवतं. तळाला टिशू पेपर, वाळू अजिबात नको, कारण ती गिळली जाऊन आतडं तुंबतं. बाटलीच्या झाकणात पाणी, लपायला दोन जागा, त्यातली एक ओलसर मॉसची. उबदार बाजूची जमीन ३१-३२ अंश, दुसरी बाजू गार.

पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लू कात टाकतं आणि ती खातंसुद्धा. त्याआधी खायला देऊ नका, पोटात बलक असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढे लहान दोन-तीन क्रिकेट किडे (रातकिडे), कॅल्शियमची पूड लावून सोडा. पिल्लू शेपटीचं टोक थरथरवतं, दबा धरतं, झेप घेतं आणि पहिल्यांदा बहुधा चुकतं. दहा-पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर किडे काढून घ्या, ते रात्रीत पिल्लालाच चावतात. आठवड्यानंतरही खात नसेल तर डब्यातली ऊब तपासा; बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

पिल्लांना, अंड्यांना किंवा डब्यांना हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हे डबे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, आणि घरात लहान मूल असेल तर याबाबत जास्तच काटेकोर राहा.

वहीत प्रत्येक पिल्लाच्या नावापुढे अंडं घातल्याची तारीख, बाहेर आल्याची तारीख, उबवणीचं तापमान आणि दर आठवड्याचं वजन लिहीत जा. वजन सलग दोन आठवडे घटलं तर पशुवैद्याला दाखवा. स्वतःहून नीट खाणारं, कात न अडकता टाकणारं आणि १० ते १५ ग्रॅमचं झालेलं पिल्लूच नव्या घरी पाठवा, सोबत वहीतल्या त्याच्या पानाची एक प्रत देऊन.